चांदणी रोज काढायची

३ एप्रिल १९९४, रविवार. सिल्वासा
आलो एकदाचे! वापीहून रिक्षात आमच्यासह सहा माणसं, दोन ट्रंका आणि कुणाचं तरी कोंबडं. दमणगंगेचा पूल ओलांडला तशी शैलजा हसली. तिला इथल्या सरकारी कचेरीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि तिच्या मागोमाग मलाही मराठी शाळेत रजेवर गेलेल्या बाईंची जागा. बायकोच्या पुण्याईवर घरात शिरणारा मी काही चिपळूणचा पहिला मास्तर नसेन, पण सर्वांत खुशीत असलेला नक्कीच.

शेजारी कमळाबाई, धुळ्याकडच्या. नवरा धाग्याच्या कारखान्यात. चहा घेऊन आल्या आणि माझे पिवळट डोळे पाहून दारूनं लिव्हर गेलं का, असं सरळच विचारलं. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, लहानपणची कावीळ नडली. पण यकृत सुकलं म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून ठेवतो. रक्ताच्या उलट्या थांबाव्यात म्हणून त्यांनी ऑपरेशन करून रक्ताला यकृताच्या बाजूनं आडवाट काढून दिली. तिला ते शंट म्हणतात. उलट्या थांबल्या. पण आता आतड्यातलं विष यकृतात गाळलं न जाता थेट डोक्यात चढू शकतं. म्हणून ते गोड पातळ औषध रोज तीनदा घ्यायचं आणि पोट साफ ठेवायचं. चुकलं तर दिवसा झोप येते, हात फडफडतात, तोंडाला कुजका वास येतो, अक्षर बिघडतं, आपल्याच माणसांचा संशय येतो. शेवटी माणूस बेशुद्ध होतो, आणि दर वेळी जागा होतोच असं नाही. रोज चार ओळी लिहा, एक चांदणी काढा, म्हणाले. डोकं कसं आहे ते हात सांगेल.

रमाकांत, नीट वाच. शैलजाचा संशय आला तर तो तुझा नाही, विषाचा आहे. निमूट औषध पी.

चांदणी काढली. पाचही टोकं सरळ.

७ एप्रिल, गुरुवार
फळ्यावरचं माझं अक्षर पाहून हेडमास्तर श्रीकांत सरांनी इतर मास्तरांना बोलावून दाखवलं. मी वरवर लाजलो. औषधाचा मात्र वैताग आहे. तिसऱ्या तासाला वर्ग सोडून पळावं लागतं आणि संडास मैदानाच्या पार टोकाला. पोरांनी मला ‘एक्स्प्रेस’ नाव ठेवलंय. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते मनातून गेलं नाही.

चांदणी ठीक.

११ एप्रिल, सोमवार
वार्षिक परीक्षा सुरू झाली. पेपर संपेपर्यंत पर्यवेक्षकानं खोली सोडायची नाही आणि पोरं माझ्या पळण्याचीच वाट पाहत बसलेली. मग सकाळचं औषध मोरीत ओतलं, म्हणजे बाटली उतरलेली दिसेल. दुपारचंही ओतलं. परीक्षेपुरतंच करतोय. शैलजाला सांगितलं नाही, ती उगाच घाबरेल. आज पेपर कसा निवांत झाला!

१५ एप्रिल, शुक्रवार
भर परीक्षेत खुर्चीवर झोपलो. मला कुणी उठवलं नाही, सगळ्या वर्गानं आरामात कॉपी केली. पोट चार दिवस दगडासारखं आहे. घरी आलो तर ओट्यावर कमळाबाई. म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचे हात काहून असे फडफडता?’

हात पुढे धरून पाहिले. पंजे आपोआप खाली पडतात, पुन्हा उठतात, पुन्हा पडतात. मी थांबवू शकत नाही. भयंकर घाबरलो आहे. शैलजा आली की सगळं सांगणार. जरा पडतो आधी.

चांदणी उद्या.

१६ एप्रिल
शैलजाला काहीतरी सांगायचं होतं. काय ते आठवेना.

तिनं चांदणी काढायला लावली. रेघा एकमेकींना भेटतच नाहीत. ती कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि रडली, मला ऐकू आलं. उद्या गाडी करून मुंबईला नेणार म्हणते. तोवर औषध. मघाशी दिलं. परत देते. परत. एवढी घाई हिला कधी नव्हती —

रविवार
कारखान्याचा भोंगा वाजतोय. थांबत नाही. ती म्हणते आज सुट्टी, भोंगा नाहीच. मग मी काय ऐकतोय?

घरात वास आहे. गोड, कुजका. पलंगाखाली पाहिलं. नाही. रुमालाला येतो — तोंड पुसलं तो. त्याला कुणी लावला?

भीती वाटते. ही भीती माझी की — डॉक्टर काहीतरी म्हणाले होते भीतीबद्दल. की संशयाबद्दल. तिनंच सांगायला लावलं असेल त्यांना. ते माझ्याशी बोलत होते तेव्हा ती शेजारीच बसली होती. बसली होती ना —

रवि
कडी लावली. बाटली खिडकीतून टाकली. फुटली.

बाहेर ती शैलजाच्या आवाजात रडते. हुबेहूब. कमळाबाई दार वाजवतात, म्हणतात भाऊ गाडी आली, उघडा, पाया पडते. त्याही तिच्याच —

झोप येते. झोपायचं नाही. हात वहीवरून पडतो. उचलतो. पडतो.

पहिलं पान निघालं. निमूट औषध पी. किती सुंदर अक्षर. वळणदार, सरळ. हे माझं नाही. हे तिनं लिहिलंय. मला फसवायला माझ्याच वहीत —

माझं अक्षर असं असतं. बघा. असं —

रमा

रम क