फळी अजून पडलेली नाही

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा कागदावरच वाकले असं समजा). तुमचा खोकला आता कमी असेल आणि भावोजी औषधाची बाटली लपवून न ठेवता वेळेवर देत असतील. मी बरी आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

खरं म्हणजे मी इंग्रजीपुढे हात टेकलेत. दवाखान्यातल्या फाटक्या चादरी शिवत मी अकरा वर्षं काढली, पण आता मशीनवर पाय चालत नाही. वॉर्डात बसून नोंदी करायची जागा रिकामी आहे. तिच्यासाठी गुरुवारी इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. नापास झाले तर धुलाईखान्यात, तेही दिवसभर उभ्यानं. म्हणून शिकवणीला बसले. वाचनालयातली निम्मी कपाटं कुणी न शिकवता वाचून काढलेली बाई मी (तुम्ही हसायचात, तुमचा भाऊ पुस्तकं आणून द्यायचा), आणि अडकले कशात, तर हॅव आणि हॅजमध्ये.

या हॅव-हॅजवाल्या काळाचं असं आहे, की गोष्ट घडून गेलेली असते, पण तिचा एक पाय अजून घरात असतो. आणि कधी घडली ते सांगायचं नाही. काल म्हटलं की चूक, मार्चमध्ये म्हटलं की चूक. मला वाटलं, चला, हा काळ आपल्याचसाठी काढलाय. दीड वर्ष जो तो फॉर्म पुढे करून मला तारीखच विचारतोय.

तर परवा मास्तरीणबाईंनी (वयानं माझ्या सुनेहून लहान, खडू मात्र भाल्यासारखा धरतात) प्रत्येकाला घरच्या माणसावर एक वाक्य म्हणायला सांगितलं. मी उभी राहून ठणठणीत म्हटलं, "माय हजबंड हॅज गॉन." बाई खूश. म्हणाल्या, छान, कुठे गेलेत? आता एवढं इंग्रजी माझ्याकडे कुठलं? मी बोट वर केलं. बाईंनी छताकडे पाहिलं आणि विचारलं, वरच्या मजल्यावर का? तर मागून आमचा अँब्युलन्सवाला म्हणतो, "बाई, या इमारतीला वरचा मजला नाही." सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि एकेक जण गप्प होत गेला. ते हसण्याहून वाईट. शेवटी मीच हसले, कुणीतरी हसायला हवं होतं.

बाईंचे कान लाल झाले, पण शिक्षकाची जात, चूक सोडवेना. हळूच म्हणाल्या, "मावशी, गेलेल्या माणसाला हा काळ लावत नाहीत हो. साधा भूतकाळ लावतात." म्हणजे इतके दिवस मी घोकत होते त्या काळात यांना जागाच नाही! मी वाद घातला. म्हटलं, यांनी स्वयंपाकघरात ठोकलेली फळी अजून भिंतीवर आहे, तिच्यावर माझे डबे आहेत, मग ठोकणारा एकदम साधा भूतकाळ कसा? बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "फळी चालेल. फळी आहे ना."

म्हणून आता माझं वाक्य ठरलंय: "द शेल्फ हॅज नॉट फॉलन यट." व्याकरण बिनचूक आहे. परीक्षेसाठीची बाकीची चार वाक्यं रोज विसरते, हे एकच पाठ आहे. एका वाक्यावर कुणी कुणाला खुर्ची देत नाही, वन्सं. धुलाईखान्यासाठी जाड सपाता बघून ठेवल्यात.

काळजी घ्या. उत्तराची घाई नाही.

तुमची धाकटी भावजय

ता. क. घाई आहे. आज सकाळी फळीचा डावीकडचा खिळा निघाला. डबे खाली उतरवलेत आणि फळीखाली केरसुणीचा दांडा टेकवलाय. वाक्य तूर्त खरं आहे, गुरुवारपर्यंत राहील याची खात्री नाही, आणि माझ्याकडे दुसरं वाक्य नाही. भावोजींना हत्यारांची पेटी देऊन बुधवारच्या आत पाठवा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. पुन्हा: तुमच्या भावानं ती तिरकी ठोकली म्हणून तुम्ही त्याला जन्मभर चिडवलंत. भावोजींना ती सरळ केल्याशिवाय राहवणार नाही, मी त्यांना ओळखते. त्यांना बजावून पाठवा, जुन्याच भोकात खिळा मारायचा. तिरकीच हवी आहे.