तोंड मिटलेला कुत्रा

४ जुलै
सातवं डिझाइनही परत आलं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणाच्या मोहिमेसाठी ॲनिमेशनमधला कुत्रा. संस्थेच्या मेघनामॅडम म्हणाल्या, "अजून गोड हवा. हसरा." डोळे मोठे केले, जीभ बाहेर काढली. आता बिस्किटाच्या पुड्यावरचा वाटतो. माझी मान आखडलीय.

७ जुलै
उमेळ्याहून ताईचा फोन. शाळेतून येताना तिच्या सईला कुत्रा चावला. पोटरीला. सात वर्षांची पोर. जखमेतच इंजेक्शन दिलं म्हणे. मग, "तुझं काय चाललंय सध्या?" सांगितलं. ताईचं नुसतं "बरं."

१० जुलै
दुसऱ्या डोसला सोबत गेले. दवाखान्याच्या दारात कुत्रा झोपलेला. सई रिक्षातून उतरेना. शेवटी ताईने उचलून नेलं. परतताना म्हणाली, "तू दाखव त्यांना हसरं. माझ्या पोरीला रस्ता बंद झालाय." मोहीम त्यासाठीच आहे, हे सांगता आलं असतं.

१२ जुलै
काम नाही. मॅडमचे तीन मिस्ड कॉल. पडून राहिले.

१४ जुलै
तिसरा डोस. नंतर ताई सईला माझ्याकडे सोडून बाजारात गेली. स्क्रीन बंद करायची राहिली. सई दारातच थांबली.
"हा दात का दाखवतोय?"
हसतोय म्हणणार होते. म्हटलं नाही.
"काय करू याचं?"
"तोंड मिट."
मिटलं.
"माझ्याकडे बघतोय."
मान वळवली. खाली बसवला. तासाभराने ती खुर्चीला टेकून उभी होती. माझा हात धरून, घट्ट.

१६ जुलै
तोच पाठवला. डाव्या कानाचं टोक कापलेलं, ऑपरेशन झालेल्यांचं असतं तसं. मॅडम म्हणाल्या, "उदास दिसतो हो. लोकांना जवळचा कसा वाटेल?" म्हटलं, "जवळचा नको. भीती कमी झाली तरी पुरे." एवढं पहिल्यांदाच बोलले कामात. "कमिटीला विचारते," म्हणाल्या.

१९ जुलै
कमिटीचं उत्तर नाही. परवा ताईला चित्र पाठवलं होतं, तिने पाहिलं. आज संध्याकाळी फोन. "सई विचारतेय, नाव काय त्याचं."
"ठेवलं नाही अजून. तिलाच विचार ना."
मागे सई नावं सुचवत होती. ताईने फोन तिच्याकडे दिला नाही. ठेवलाही नाही.