सुमनताईची पाकळी

२७ सप्टें., शनि.
प्रदर्शन भरवणाऱ्या श्रेयाचा फोन. बंगल्यातलं प्रदर्शन ११ तारखेलाच. "काकू, तुमचं होईल ना? नाहीतर त्या हॉलमध्ये मी दुसऱ्या कुणाचं तरी लावते." होईल म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. सुमनताई जाऊन दोन महिने झाले, तेव्हापासून क्रोशाची पिशवी कपाटावर आहे. मोठी जाऊ, आणि एकाच दोऱ्यावरची भागीदार. आज कपाट पुसलं, पिशवीच्या कडेकडेने.

२९ सप्टें., सोम.
बोरिवलीला त्या बंगल्यात जाऊन आले. हॉलच्या छतावर ते प्लॅस्टरचं फूल, बारा पाकळ्यांचं, मधोमध पंखा. भिंतींवर फिकी निळी वेलबुट्टी. आमचं काम एवढंच, तेच फूल पांढऱ्या दोऱ्यात विणायचं आणि त्याच्याखाली टांगायचं. मे महिन्यात नक्षी उतरवायला आलो तेव्हा सुमनताई सरळ फरशीवर आडवी झाली होती. "गो, मान मोडून बघण्यापेक्षा ह्या बरा." मालकीण फिलोआंटी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी, कुठे ठेवू म्हणून.
आज तिने विचारलं, "ती दुसरी कुठे?" सांगितलं. तिने पंखा वाढवला.

१ ऑक्टो.
पिशवी काढली. सहा पाकळ्या माझ्या, पाच तिच्या. तिची सहावी अर्धी, सुई तशीच अडकवलेली, सुईवर एक फास. क्रोशाचं सगळं त्या एका फासावर. सुई निघाली, दोरा ओढला गेला की भसाभस उसवतं.
हात लावला नाही. परत ठेवली.

२ ऑक्टो.
दसरा. तोरण नाही यंदा.

४ ऑक्टो., शनि.
तिच्या अर्धीला धक्का नको म्हणून बारावी नव्याने घातली. माझा हात पहिल्यापासून घट्ट, तिचा सैल. माप जुळावं म्हणून मी एक नंबर मोठी सुई घेते. तीच सुई घेतली, दोरा तोच. झाल्यावर बाकीच्यांवर ठेवून बघितली, बोटभर लहान. उसवली. परत घातली. आणखी लहान.
मी ठीक आहे. जेवते, झोपते, मालिका बघते. रडत नाही म्हणून बायका बघत राहतात, त्यांना बघू दे. मला काही वाटतच नाही तर काय करू? हात मात्र आवळतोय.

६ ऑक्टो.
भाऊजी वरच्या मजल्यावरून आमच्याकडेच जेवायला येतात हल्ली. पाकळ्या पलंगावर पसरल्या होत्या. बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांत बायकोच्या दोऱ्याकडे वळून बघितलं नाही ह्या माणसाने.
"तिची खंयची ह्यातली?"
दाखवल्या.
"ही अर्धी?"
"हो."
"मगे पुरी कर. कित्याक ठेवलंस?"
ताटातला भात संपव म्हणावं, तसं. असा राग आला. वाढलं. त्यांनी आमटी मागितली नाही, मीही विचारलं नाही.

९ ऑक्टो., गुरु.
शेवटी तिची पाकळी मांडीवर घेतली. तिच्या सुईला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. एक खांब घातला, एकच उभा टाका. तिच्या सैल खांबांशेजारी आवळलेला, लांबूनही ओळखू येईल. माझा होता, उसवला. पुन्हा घातला, पुन्हा उसवला. तिसऱ्यांदा दोरा जास्त ओढला गेला आणि तिचा एक खांब सुटला. तिचा.
फास चिमटीत धरून कितीतरी वेळ तशीच. मग सुईवर घेतला. तो खांब गेला आता, तिच्यासारखा मला घालता येणार नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं.
संध्याकाळी भाजी करपली.

१० ऑक्टो., शुक्र.
फूल टांगलं. नायलॉनच्या दोरीने चारी खिडक्यांना ताणून, पंख्याच्या खाली हातभर. बारावी पाकळी अर्धीच, सुई लोंबतेय. श्रेया नाचायचीच बाकी. "काकू, सुई तशीच ठेवलीत, कसलं भारी! अपूर्णता!"
"ठेवली नाही गं. राहिलीय."
तिने कार्डावर अपूर्णताच लिहिलं. शिकलेली पोर, तिला काय सांगणार.
फिलोआंटी पंख्याच्या बटणाकडे निघाली, मी मध्ये आले. म्हटलं, वाऱ्याने सुई पडेल, सगळं उसवेल.
"अगं, उद्या एवढी माणसं येणार, ह्या उकाड्यात मरतील. सकाळी ये नि गाठ मार. पाच मिन्टांचं काम."
पाच मिनिटांचंही नाही. फासातून दोरा काढायचा, ओढायचा, कापायचा. पण मग ती पाकळी अर्धीच संपली.

११ ऑक्टो., शनि. सकाळ
कात्री पर्समध्ये टाकली. माझी मोठी सुईसुद्धा टाकली, कशाला ते माहीत नाही.
भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. कुणी बोलावलं नव्हतं. चपला घालूनच उभे आहेत. "चल मगे," म्हणतायत.
निघता निघता फिलोआंटीला फोन केला. म्हटलं, मी येईपर्यंत पंखा लावू नका.