सावडीनं वेचलेला कापूस

बाई, दिवसभर दुसऱ्यांचं लिखाण मराठीत उतरवायचं, हेच आता माझं काम. नवीन जालन्यात एका दुकानावरच्या खोलीत बसते. डोळे शिणलेत, मानही. आज अमेरिकेतल्या फुटबॉलवरचा लेख आलाय. नाव फुटबॉल आणि चेंडू बहुतेक वेळ हातात. आम्हा पोरींना शाळेत खो-खो शिकवणाऱ्या तुम्ही पोट धरून हसला असतात. लेख तिथल्या लॅटिनो खेळाडूंच्या इतिहासाचा आहे, म्हणजे मेक्सिको आणि त्या बाजूच्या मुलखातून आलेल्या घरांतल्या पोरांचा. कुणाचा पाय आपल्याकडच्यासारख्या फुटबॉलवर तयार झालेला, म्हणून त्याला फक्त चेंडूला लाथ मारण्यापुरतं मैदानात बोलवायचे. कुणाचं नाव समालोचकाला धड घेता येत नव्हतं. बऱ्याच जणांचे आईबाप शेतमजूर. खेळाचा हंगाम आणि पीक काढायचा हंगाम एकच, त्यामुळे पोरगा रानात आणि संघातून त्याचं नाव गायब. या वाक्यापाशी मी तासभर अडून बसले आहे.

त्या वर्षी आपल्या शाळेचे राजूरचे खो-खोचे सामने चार दिवसांवर आले होते आणि आपल्या संघातली सगळ्यात चपळ पोर, मेंढपाळाच्या घरची, कापूस वेचत होती. आम्हा सगळ्या पोरींना घेऊन तुम्ही तिच्या रानात गेलात. "बाई, वेचणी उरकल्याबिगर पोर सोडता येत न्हाई," तिचा बाप म्हणाला.

"मंग आपुन सावड करू. आज आम्ही तुमच्या रानात, उद्यापासून तुमची पोर आमच्या मैदानात. बराबर हाय का?"

त्याला हसू आलं. तुम्ही पदर खोचून आधी स्वतःच्या कमरेला कापसासाठी ओटी बांधलीत. आम्ही वाकून वेचतोय, बोंडांच्या टोकांनी सगळ्यांचीच बोटं ओरखडतायत, तुम्ही पुढच्या ओळीत आणि ती माझ्या शेजारी, भराभर.

संध्याकाळी मी घरी बोटं दाखवून रडले. बाई आम्हाला लोकांच्या रानात राबवतात, असं आजोबांना सांगितलं. त्यांचा गावात शब्द चालायचा. सकाळीच ते शाळेत तक्रार करून आले. संघ राजूरला गेलाच नाही, ती पोर पुन्हा शाळेत दिसली नाही आणि उन्हाळ्यात तुमची बदली झाली. निघताना तुम्ही माझा हात हातात घेतलात. "बोटं बरी झाली का गं?" एवढंच विचारलंत. तुम्हाला काही ठाऊक नाही, असं समजून मी मान डोलावली होती.

तुम्ही वारल्याचंही मला वर्षभरानं कळलं, तेव्हा हे धाडायचं तरी कुठं? लेख आजच द्यायचाय. बाई, ओरखडे खरे होते, पण दुखत काही नव्हतं. ती खेळायला आली असती तर संघातली माझी जागा गेली असती.