सील केलेल्या पेढीचे दार गुरुवारी एकदा उघडण्याबाबत

प्रति,
मा. मामूर साहेब,
पोलीस प्रमुख, मीत सालेम तालुका, इजिप्त.

विषय : कापूस पेढीचे दार गुरुवारी सकाळी क्षणभर उघडून पुन्हा लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या हुकमाने सोमवारी सदर दारावर बसवलेले लाल लाखेचे सील.

महोदय,

१. मी, शहाता बसयूनी, मीत सालेम कापूस पेढीचा दारवान. पेढी सुरू झाली त्या दिवसापासून तिचे दार रोज सकाळी मीच उघडत आलो. आपल्या शिपायांनी तिजोरी, टेबले, अगदी खिडकीतले फुलझाडसुद्धा यादीत लिहून घेतले, पण किल्ली कोणी मागितली नाही. ती अजून माझ्या कमरेला आहे.

२. रविवारी अलेक्झांड्रियाहून बातमी आली की तिकडच्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. दुपारच्या आत सारे गाव आपापले पैसे मागायला आमच्या पायऱ्यांवर जमले. व्यवस्थापक अरिस्तिदी साहेबांनी खिडकीत सोन्याच्या गिन्यांची रास मांडून दाखवली. त्यावर समोरचा कॉफीवाला ओरडला, "वरचा थर बाजूला करा, खाली डाळ आहे डाळ!" साहेब पडले ग्रीक. त्यांच्या शपथेला गावात कोण विचारतो! तेव्हा त्यांनी मला आत ओढले आणि म्हणाले, "शहाता, गुरुवारच्या पहिल्या गाडीनं सोनं येतंय. माझं कुणी ऐकायचं नाही, तुझं ऐकतील. तू तलाकची शपथ घे." ज्यांच्या मुलीला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, ज्यांनी माझ्या घरी मांडी घालून ताव मारून जेवण केले, त्यांच्यावर संशय घेणे मला शोभले नाही.

३. मी पायरीवर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "गुरुवारी सकाळी हे दार उघडलं नाही, तर माझ्या बायकोला तीन तलाक!" आपल्याकडचा माणूस कांदे विकताना खोटे बोलेल, कोर्टात तर बोलेलच. पण ही शपथ एकदा तोंडातून गेली की अख्खा संसार तिला टांगलेला असतो, हे मी आपणास काय सांगावे? गर्दी ओसरली.

४. त्याच संध्याकाळी साहेब सोने आणायला म्हणून सहकुटुंब निघाले. त्यांची पेटी स्टेशनापर्यंत मीच पाठीवर वाहिली. फार जड होती. "पुस्तकं आहेत रे," ते म्हणाले. एवढे वाचणारा साहेब आपल्याला लाभला म्हणून मला अभिमान वाटला. गाडी सुटताना त्यांनी मला किर्शची दोन नाणी बक्षीस दिली आणि मी सलाम केला. सोमवारी आपण तिजोरी फोडलीत तेव्हा मी मागेच उभा होतो. कॉफीवाल्याचा अंदाज चुकला. डाळ असती तर गावाने निदान शिजवून तरी खाल्ली असती. ज्याने विश्वासात घेऊन गळा कापला त्याची सुरी मीच धार लावून, पाठीवर वाहून पोचवली, महोदय.

५. मी काझीसाहेबांकडे धावलो. त्यांचे म्हणणे असे, की शपथ दाराची आहे, पैशांची नाही. गुरुवारी सकाळी दार उघडले तर संसार वाचला, मग आत फुटकी कवडी नसली तरी चालेल. न उघडले तर ती मला परकी. मग तिने दुसऱ्याशी लग्न करावे, त्याने तिला सोडावे, त्याखेरीज ती मला परत मिळणे नाही. हे बाजारात पोचायला वेळ लागला नाही. मुतवल्ली नावाचा न्हावी भर चौकात म्हणाला, "एका रात्रीपुरता नवरा मी होतो की! शेजारधर्म कधी कामाला यायचा?" आणि तो निर्लज्ज कालपासून दाढी कोरून, अत्तर लावून बसला आहे.

६. आपल्या कारकुनाने सांगितले की सील काढण्याचा अर्ज पेढीच्या व्यवस्थापकानेच करावा लागतो. व्यवस्थापक सापडल्यास मलाही कळवावे. मला त्यांच्याशी थोडे अर्जाबाहेरचे बोलायचे आहे.

७. माझी मागणी मोठी नाही. दार उघडावे आणि लावावे. मी आत पाऊल टाकणार नाही, हवे तर मला दोरीने बांधून शिपायाच्या हाती द्यावे. नवी लाख आणि मेणबत्ती मी विकत आणीन. सील मोडायचेच नसेल, तर बिजागऱ्यांकडून दार उचलून काढता येईल. मात्र याला 'उघडणे' म्हणता येईल की नाही, यावर काझीसाहेब अजून पुस्तके पाहत आहेत. यातले काहीच शक्य नसल्यास, आणि आपल्या अधिकारात बसत असल्यास, या तालुक्यापुरता गुरुवार पुढे ढकलावा.

८. अर्ज येथेच संपवावा, घरच्या गोष्टी ठाण्यात नेऊ नयेत, असे कोर्टाबाहेरचा हा अर्ज लिहिणारा मला सांगतो आहे. त्याला लिही म्हटले आहे. रविवारी माझी बायको स्वतः रांगेत होती. लोणी विकून साठवलेले तिचे पैसे याच पेढीत होते, आणि ते तिथे ठेवायला मीच भरीस घातले होते. ती खिडकीशी पोचली होती, पुढे एकच बाई उरली होती. तेवढ्यात तिने माझी शपथ ऐकली. तिने पावती ओढणीच्या टोकाला बांधली आणि बायकांना म्हणाली, "चला गं घरी. त्यानं माझ्यावर शपथ घेतलीय, म्हणजे खरंच असणार." आधी बायका हलल्या, मग त्यांच्यामागून पुरुष. गर्दी ओसरली ती अशी.

आता ती भावाच्या घरी आहे. काल मेहुण्याबरोबर तिने निरोप पाठवला, तो जसाच्या तसा देतो : "दार उघडलं नाही तर काय होणार, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. उघडलं तर मी परत येईन का, हे एकानंही विचारलं नाही."

महोदय, ते मला तिला विचारायचे आहे. पण शुक्रवारी मी तिला परका झालेलो असलो, तर तिच्या भावाच्या उंबऱ्यात उभे राहून विचारण्याचाही हक्क मला उरणार नाही. केवळ तेवढ्यासाठी दार उघडावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
(मोहोर) शहाता बसयूनी
दारवान
मीत सालेम, मंगळवार, १४ मे १९०७

सोबत : दोन किर्श, व्यवस्थापकांनी दिलेले बक्षीस. खर्च केलेले नाहीत.

किल्ली जोडलेली नाही. ती घेऊन मी गुरुवारी पहाटेपासून पायरीवर बसलेला असेन.