लीझेचं औक्षण

११ फेब्रुवारी २००७, रविवार

आजपासून रोजनिशी. यापूर्वीही सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्याजोगं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे.

स्टुटगार्टहून एस-बान लोकलने ओबरवाइलिंगन, म्हणजे आमचं गाव. इथल्या लोकांनी १९५७ साली राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेसमोर, एक कोरी करकरीत मोटार काँक्रीटच्या खड्ड्यात पुरून ठेवली. पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. क्रीम आणि हिरवी. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. गाव तिला लाडाने लीझे म्हणतं. ३० जूनला ती बाहेर येणार.

त्यासाठी फेराइन स्थापन झालंय, म्हणजे मंडळ. जर्मन माणसाला मंडळाशिवाय शिंकही येत नाही. अध्यक्ष हेर हेगेले. तज्ज्ञ म्हणून मला घेतलं. मी रबरी सीलचा इंजिनिअर. मोटारीच्या दारातून पाणी आत येऊ नये म्हणून जी पट्टी असते, तिच्यात माझी हयात गेली. लीझेला माझ्याइतकं ओळखणारा या गावात दुसरा नाही. पहिल्या किल्लीला सुरू होईल. माझ्या हाताने.

उल्काला फोन करून सांगितलं. "बरं" म्हणाली. आनंद झाला की ती कमी बोलते.

१८ फेब्रुवारी, रविवार

उल्का एश्बॉर्नला का असते ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा नको. तिची आयटीची नोकरी तिकडे. रोज जाणं-येणं शक्य नाही, म्हणून तिकडे फ्लॅट. ईप्सिता चौदा वर्षांची, मुलगी आईजवळ बरी, म्हणून तीही तिकडे. सगळं तात्पुरतं. दिवाळीत आल्या नाहीत, कारण सुट्टी नव्हती. नाताळात आल्या नाहीत, कारण सुट्टी होती.

पूर्वी मला अहो म्हणायची. हल्ली सरळ श्यामकांत म्हणते. दूर राहिल्याने जवळीक वाढते ती अशी.

घर होतं तसं ठेवलंय. मिसळणाच्या डब्यात मोहरी जिथे होती तिथेच. ईप्सिताची खोली बंद. तिच्या खिडकीच्या फटींना मी स्वतः कंपनीतली पट्टी लावली. परत आल्या की कालच गेलो होतो असं वाटलं पाहिजे.

८ मार्च, गुरुवार

घरमालकीण फ्राउ बाइटिंगरने पुन्हा जिन्यात गाठलं. विषय लुफ्टन. लुफ्टन म्हणजे सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून पैसे देऊन तापवलेली हवा रस्त्यावर फेकायची. नाहीतर भिंतींना ओल धरते म्हणे. मी सांगितलं की मी या विषयातला तज्ज्ञ आहे. ती म्हणाली की भिंतीला ते ठाऊक नसतं. खवचट बाई. आमच्या पुण्याच्या सोसायटीत शोभली असती.

संकल्प: रोज लुफ्टन. उद्यापासून.

९ मार्च, शुक्रवार

फार थंडी. सोमवारपासून.

२९ मार्च, गुरुवार

मंडळाची बैठक. हेगेलेने पिल्लू सोडलं की खड्ड्याच्या झाकणाला बोटभर भोक पाडून आधी कॅमेऱ्याने आत बघू. मी उभाच राहिलो. जर्मनमध्ये बोललो. सील एकदा फोडलं की फोडलं! पन्नास वर्षांची कोरडी हवा तुम्ही एका भोकापायी घालवणार? आत डोकावून बघणं म्हणजे स्वतःच्या बापजाद्यांवर संशय घेणं. शेवटचं वाक्य जरा लांबलं, त्याचं क्रियापद (जर्मनमध्ये ते शेवटी येतं) यायच्या आतच सगळ्यांनी माझ्या बाजूने हात वर केले. दणदणीत विजय.

उल्काला फोन. तिने विचारलं की पाणी शिरलं असेल तर? आयटीवाल्यांना काँक्रीटमधलं काय कळणार! तिला समजावलं की काही गोष्टी विश्वासावर बंद ठेवायच्या असतात, सारखं उघडून विचारायचं नसतं कसं चाललंय. तिकडून फोन बंद झाला. लाइन खराब असावी.

१५ एप्रिल, रविवार

सुचलं! नवी गाडी दारात आली की आपण काय करतो? चाकांखाली लिंबं, पुढ्यात नारळ, आणि घरची सुवासीण गाडीला ओवाळते. लीझे एक मैलही चाललेली नाही, म्हणजे नवीच. हेगेलेला सांगून टाकलं की माझी पत्नी नऊवारीत औक्षण करील, मग मी किल्ली फिरवीन. पठ्ठ्या खूश. "वुंडरबार" म्हणाला आणि लिहून घेतलं. इथे लिहून घेतलं की झालं, ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही.

उल्काला अजून विचारलेलं नाही. विचारायचं काय त्यात? लोकांसमोर मी गाडी सुरू करतोय, शेजारी ती ताम्हण घेऊन उभी, आणि तिथून आम्ही तिघं घरी. एश्बॉर्नचा विषय त्या दिवशी आपोआप मिटेल. मला भांडून मिटवायला आवडत नाही.

१७ मे, गुरुवार

अधिक महिना लागला. जावयाचा महिना. मागच्या अधिकात पुण्याहून सासूबाईंनी अनारसे पाठवले होते, डब्यातून तूप झिरपून पार्सल पारदर्शक झालं होतं. यंदाही निघाले असतील.

आज इथला फादर्स डेसुद्धा. बापलोक हातगाड्यांवर बिअर लादून रानात निघालेत. ईप्सिताचा फोन नाही. तिला तारीख माहीत नसेल. जन्म इथला आहे, पण तरी.

१५ जून, शुक्रवार

अधिक संपला. अनारसे नाहीत. वाटेत कुठेतरी अडकले. शेवटी मीच सासऱ्यांना फोन केला. बाबा, पार्सल पाठवलंत का, विचारलं. ते म्हणाले की तुम्ही एकदा उल्काशी नीट बोला. अनारशांचा उल्काशी काय संबंध? वय झालं की माणूस विषय सोडून बोलतो.

लुफ्टन आता हिवाळ्यापासून. उन्हाळ्यात गरज नसते.

१९ जून, मंगळवार

छापील कार्यक्रमपत्रिका आली. ब्रास बँडनंतर आणि सॉसेजच्या आधी मी: "भारतीय मोटार-आशीर्वाद. हेर देवस्थळी, सपत्नीक." किल्लीचा उल्लेख नाही. ते गृहीत धरलं असणार. तज्ज्ञ म्हणूनही कुठे नाव नाही. तेही गृहीत.

उल्काला सांगितलं. आधी हसली. मग भडकली. म्हणाली की मला न विचारता तू मला कुठेही उभी करतोस, पुण्याहून इथे आणलंस तेव्हाही असंच केलंस. (विचारलं होतं. तिकिटं काढल्यावर.) मग म्हणाली की येते, ईप्सिताची चित्रांची फाइल आणि कपडे न्यायचेच आहेत.

येतेय! फाइल हे निमित्त. शिवाय कॅलेंडर बघितलं, ३० जूनला वटपौर्णिमा. सात जन्म वगैरे ती मानत नाही, पण तारखेला नाही म्हणाली नाही.

२९ जून, शुक्रवार

एशिया शॉपमधून नारळ. लिंबं. सहा व्होल्टची बॅटरी, कॅनभर पेट्रोल. शेरवानी पोटावर बसत नाही, सूट घालीन.

ईप्सिताची खोली झाडून ठेवावी म्हटलं. दार भलतंच घट्ट झालंय. म्हणजे सील उत्तम. जोर लावला नाही. तिच्यासमोरच उघडावं, तिलाही बरं वाटेल.

३० जून, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

अख्खं गाव जमलं होतं. उल्का आणि ईप्सिता एस-बानने वेळेवर आल्या. नऊवारी नाही, साधी जांभळी साडी, पण साडी. ईप्सिता माझ्याकडे बघून "हालो पापा" म्हणाली आणि मोबाइलमध्ये शिरली.

क्रेनने झाकण उचललं. पुढच्या रांगेतले लोक एकदम मागे सरले. वास. मग मी वाकून पाहिलं. खड्डा काठोकाठ भरलेला, चहाच्या रंगाचं पाणी. लीझेचं फक्त छप्पर दिसत होतं.

पंप लावले. वर काढताना क्रेनच्या पट्ट्यांमधून तिचे तुकडे गळत होते. टायर नाहीत. क्रीम नाही, हिरवा नाही, नुसता गंज. दार क्रेनवरच निखळलं आणि आतून सीटचा चिखल बाहेर आला. डिकीतून एकच वस्तू धड निघाली, रबरी रिंग लावलेली प्लमच्या मुरांब्याची बरणी. सील शाबूत. मी हेगेलेला ते दाखवून दिलं.  तो म्हणाला की बोटभर भोक पुरलं असतं, हेर देवस्थळी. तेव्हाच पाणी काढलं असतं, थोडी तरी वाचली असती.

मला वाटलं आता तरी औक्षण रद्द होईल. कसलं! पत्रिकेत छापलंय. माइकवरून आमचं नाव पुकारलं. मी लिंबं ठेवायला चाकं शोधत राहिलो. खाली बसून त्या चिखलात चार ढिगांपाशी चार लिंबं ठेवली. कुणीतरी हसलं, मग बरेच जण. हातातली बॅटरी कुठे ठेवावी कळेना. लाज वाटली. परदेशात इतकी वर्षं राहिलो, एवढी कधी वाटली नव्हती.

उल्का मात्र पुढे आली. पदर सावरला, निरांजन लावलं आणि त्या गंजाला ओवाळलं. नीट, सावकाश, तिच्या आईने शिकवलं असेल तसं. कुंकू लावायला गेली तर बॉनेटचा पापुद्रा बोटाला चिकटून आला. तिने तो झटकला नाही. लोक हसायचे थांबले. परत येताना हळूच म्हणाली की तुझ्यासाठी हे शेवटचं, श्यामकांत. इतके जण बघत होते म्हणून केलं.

घरी आलो. ईप्सिताच्या खोलीचं दार मी आणि उल्काने मिळून ढकललं. कपाटामागून छतापर्यंत काळी बुरशी. गाद्या, पडदे, सगळं. चित्रांची फाइल भिंतीला चिकटली होती, ओढली तर कागदांचा लगदा हातात आला. बालवाडीपासूनची चित्रं होती. वरच्या चित्रात आम्ही तिघं असायचो, मला आठवतंय.

ईप्सिता रडली नाही. दारातूनच म्हणाली, जर्मनमध्ये, की इथे लीझेसारखाच वास येतो.

 उल्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती घरभर फिरली, एकेक खिडकी सताड उघडली, ईप्सिताच्या खिडकीची पट्टी नखांनी सोलून काढली. मग दोघी गेल्या. रिकाम्या हातांनी.

१ जुलै, रविवार

खिडक्या उघड्याच आहेत. संकल्प: उघड्याच ठेवायच्या. फ्राउ बाइटिंगर खालून हात हलवून "ना आल्झो" म्हणाली, म्हणजे झालं एकदाचं. पहिल्यांदाच हसली.

उल्काला फोन करून म्हणायचं आहे की चुकलं. कसं म्हणतात ते जुळवतोय. उद्या.

२ जुलै, सोमवार

पेपरात फोटो आला. लिंबं ठेवताना मी, ठसठशीत. उल्का कापली गेलीय, नुसता ताम्हणाचा हात आहे. खाली लिहिलंय "पाहुणे". पंधरा वर्षं कर भरतोय.

फोन केला नाही. कामात असेल.

स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी आज उल्काची या घराची किल्ली सापडली. शनिवारी विसरून गेली. एवढी धांदरट कधी नव्हती. न्यायला येईलच.

संध्याकाळी वारा सुटला. घरभर धूळ येत होती. खिडक्या लावून घेतल्या.