स्वतःच्या पायानं

प्रिय सुरभी,

तुझी तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर करतेस ना? तुझ्या खोलीतल्या मोनालीचा खोकला थांबला का? वसतिगृहाचे चौकीदार किसनसिंगजी, त्यांचा गुडघा काय म्हणतो? इकडे तुझ्या बाबाचं, इंद्रजितचं, बीपी गोळीनं ठिकाणावर आहे. तुझ्या आईची बोटं कापूस वेचून चिरली आहेत, पण ती कुठं बसून राहते! माझे डोळे गळतात. घाटंजीच्या बाजारातून थेंब आणले आहेत. आजीचं शेवटी लिहितो.

आज ओसरीवर बसल्या बसल्या तुझे दवाखान्याच्या नोकरीतले किस्से आठवले. रविवारी तुझा फोन आला की आजी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावायची. कुणी घाईत रुग्णाच्या कागदावर लिहिलं होतं, 'रुग्ण बेशुद्ध आहे, कोणतीही तक्रार नाही.' कुणी एका मिशीवाल्या बुवाच्या कागदावर 'बाळाची हालचाल चांगली' असं टाकलं होतं. आणि ते, 'पोटात दुखते, नातेवाईक आल्यावर वाढते'! त्यावर आजी म्हणाली होती, "हे काही चुकलं नाही वं पोरी, बरोबरच लिवलं त्यानं," आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली होती. पाय सुजून खाटेला खिळलेली बाई, पण खाट हलेपर्यंत हसायची. मी शाळेत गेलो नाही, बियाण्याच्या थैल्यांवरची अक्षरं जोडत जोडत वाचायला शिकलो. म्हणून मला त्या चुकांची भारी गंमत वाटे. शिकलेलेही आपल्यासारखेच अडखळतात म्हणून जरा बरंही वाटे.

मग आजी तुझ्याच वार्डात आली आणि तिथूनच गेली. आमच्या हाती फाईल दिली, तिच्यात मृत्यूचा कागद होता आणि त्याच्यामागे सुट्टीचा. खाली आमच्यासारख्यांसाठी मराठीत लिहिलेलं, 'रुग्णाने जेवण केले. स्वतःच्या पायाने चालत घरी गेली. पंधरा दिवसांनी दाखवण्यास यावे.' शेजारच्या खाटेवरची झरीकडची जमनी त्याच सकाळी बरी होऊन गेली होती. तिच्या ओळी आजीच्या नावाखाली आल्या होत्या. तुझा बाप सगळ्यांसमोर ओरडला, "मेल्या माणसाले जेवू घालून राह्यले का तुम्ही? कोणं लिवलं हे?" तू तिथेच उभी होतीस. "मी, बाबा," एवढंच म्हणालीस. त्यानंतर ना तू तेरवीला आलीस, ना कुणाचा फोन उचललास.

आता आजीचं. घाबरू नको. तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे निघून गेले आणि घरातल्या फरशीवर जोडव्यांचा आवाज आला. सवाष्ण गेली ती, जोडवी पायातच होती. आवाज आधी चुलीकडे, मग माठाकडे, मग माझ्या खाटेपाशी येऊन थांबला. उंबऱ्यावर झोपलेला कुत्रा उठून बाजूला झाला, ती चालतीफिरती असताना तिला वाट द्यायचा तसाच. पुढे कागदातले पंधरा दिवस भरले आणि दवाखान्यातून आजीसाठी फोन आला, "इंदुताईंना दाखवायला आणलं नाही तुम्ही." मी म्हणालो, "वावरात गेली आहे." असं का म्हणालो, देव जाणे. दिवस कलताना स्वतःच वावरात गेलो. वारा अजिबात नव्हता, पण कापसाच्या पराटीची एकच ओळ हलत होती. दूरच्या टोकाकडून माझ्याकडे, कुणी वेचत यावं तशी. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि ओळ हलायची थांबली तर, ही भीती वाटली.

सुरभी, तुझी आई काल रडत सांगत होती की तू राजीनामा लिहून ठेवला आहेस. म्हणून हे पत्र. चूक ती चूकच, माय. उद्या कुणाच्या औषधात झाली तर जीव जाईल, तेव्हा दोनदा वाचत जा. पण आजीचे डोळे मिटवून त्याच हातानं तू जमनीचा कागद केलास आणि नाव सोडून त्यातलं सगळं बरोबर लिहिलंस, हे मी विचारून घेतलं आहे. तुझ्या बापालाही सांगितलं. तो म्हणाला, "आबा, तुमीच लिवा तिले. माह्या हातून नाही होत." आजी शेवटी शेवटी एकच मागत होती, एकदा आपल्या पायानं अंगणापर्यंत जाऊ द्या. ते आम्हा कुणाला जमलं नाही, तुझ्या कागदात झालं. तो कागद मी कुणाला दुरुस्त करू देणार नाही. तू फक्त राजीनामा फाड. गेलेली घरी आली पोरी, जिती अजून आली नाही. कुत्रा संध्याकाळी उंबरा सोडून उठतो आणि आजीच्या जोडव्यांचा आवाज आत आल्यावरही तसाच उभा राहतो, रस्त्याकडे बघत. त्याला काय सांगू, ते लवकर लिहून कळव.

तुझाच,
भगवानआबा